दहावीला अध्ययन अक्षमतेच्या सवलती: अर्ज कुठे अडतो आणि का

दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या मुलांचे पालक अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी धावायला लागतात. तोवर परीक्षेचे फॉर्म भरून झालेले असतात किंवा मुदत डोक्यावर आलेली असते, आणि सरकारी रुग्णालयातली तपासणीची तारीख मिळते ती काही महिन्यांनंतरची. मूल वाचताना अडखळतं हे घरात तिसरीपासून माहीत होतं. शाळेलाही माहीत होतं. कागद तेवढा कोणी केला नव्हता. म्हणून हे सातवी-आठवीतल्या मुलांच्या घरात वाचलं जावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सवलत म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही, हे आधी पक्कं करू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही अशी अडचण) आहे आणि स्वमग्नताही (ऑटिझम) आहे. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारा) आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्रात दहावीच्या अशा मुलांना १९९६ पासून सवलती मिळतात. पुढे ऑक्टोबर २०१८ च्या शासन निर्णयाने त्या पहिली ते बारावीसाठी सांगितल्या. त्यामुळे ‘सवलत फक्त बोर्डाला असते, शाळेच्या परीक्षेला नाही’ असं कोणी सांगितलं, तर तो निर्णय त्यांच्यासमोर ठेवा. भांडू नका, पण ठेवा.

प्रत्यक्षात मिळतं ते असं: दर तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास; गरज असेल तर लेखनिक; एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय; गणिताच्या जागी सातवीच्या पातळीचं अंकगणित; काहींना गणकयंत्र, आकृत्या-नकाशांतून सूट आणि उत्तीर्ण होण्यासाठी सवलतीचे गुण. सगळं सगळ्यांना मिळत नाही. अडचण वाचनाची आहे, लेखनाची आहे की गणिताची, त्यावर ते ठरतं आणि ते प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. नुसतं ‘अध्ययन अक्षम’ एवढाच शेरा असेल तर पुढच्या टेबलावर प्रश्न निघतो. प्रमाणपत्र हातात पडलं की तिथंच, रुग्णालयाच्या आवारात उभं राहून वाचा.

खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

सर्वांत जास्त अर्ज इथे मागे येतात. पालकांनी हजारो रुपये खर्चून मानसशास्त्रज्ञाकडून वीस पानी अहवाल करून घेतलेला असतो. तो खोटा नसतो, बऱ्याचदा उत्तम असतो. घरी आणि वर्गात मुलाला कसं शिकवायचं यासाठी त्याचा उपयोगही मोठा. पण परीक्षा मंडळाला लागतं ते शासनाने अधिकार दिलेल्या रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. अहवाल सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा. तो दिला म्हणजे काम झालं असं मात्र समजू नका.

अध्ययन अक्षमतेच्या तपासणीला बालरोगतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ अशी माणसं लागतात. प्रत्येक जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ती सगळी भेटतीलच असं नाही. मग ‘पुण्याला जा’, ‘मुंबईला जा’ असं तोंडी सांगून पाठवलं जातं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षं चालतं, पण तिथली रांगही तशीच मोठी. आईने रोजंदारी बुडवून एसटीने दोनशे किलोमीटर जायचं आणि खिडकीवर ‘आज सायकॉलॉजिस्ट रजेवर आहेत’ एवढं ऐकून परत यायचं, हे आजही घडतं आणि ते पाहून संताप येतो. तोंडी निरोपावर निघू नका. केसपेपरवर संदर्भ लिहून घ्या: कुठे पाठवलं, कशासाठी, आणि खाली सही. निघण्याआधी त्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या.

वयाची अट आणि चौदाव्या वर्षाचा पेच

केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार (त्या मार्च २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या, म्हणून सध्याचा नियम रुग्णालयात विचारून घ्या) अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. पहिलीतल्या मुलाला घेऊन गेलात तर परत पाठवतील, आणि यात त्यांचं चुकत नाही. त्या वयात अक्षरं उलटी काढणं अनेक मुलांत असतं. त्याच सूचनांत पुढे लिहिलंय की चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी करायची, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र मग कायमचं.

यातला पेच लक्षात घ्या. चौथीत, नवव्या वर्षी प्रमाणपत्र काढणारे जागरूक पालक निश्चिंत असतात. दहावीत मूल पंधराचं होतं, तेव्हा ते नवव्या वर्षीचं प्रमाणपत्र पुढे करतात आणि फेरतपासणी कुठे आहे असं विचारलं जातं. ज्यांनी सगळ्यांत आधी धावपळ केली त्यांनाच हा फटका बसतो. मूल चौदाचं झालं की, म्हणजे साधारण आठवी-नववीत, फेरतपासणीची तारीख घ्या. जुना केसपेपर आणि जुनं प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेवा, त्याने दुसऱ्या वेळचं काम सोपं होतं.

यादीत न बसणारी मुलं

मूल एका जागी बसत नाही, पेपर अर्धा सोडून उठतं, डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) सांगितलंय. पालक तेवढी चिठ्ठी घेऊन येतात. त्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. मात्र एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमताही अनेक मुलांत असते, म्हणून वाचन-लेखन-गणिताची चाचणीही करावी अशी विनंती करा. ती अक्षमता निघाली तर अर्ज तिच्या नावाने जातो.

दुसरा गट याहून हलाखीचा. २०१८ च्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेची चाचणी होते ती बुद्ध्यंक ८५ च्या वर असला तर. बौद्धिक अक्षमता धरली जाते ती ७० च्या खाली. मधली मुलं या खान्यात नाहीत आणि त्या खान्यातही नाहीत. मूल खरोखर झगडतंय हे सगळ्यांना दिसतं, कागद कुणीच देऊ शकत नाही. अशा मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी हा चांगला मार्ग आहे: पाच विषय, त्यांत एक भाषा पुरते, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, आणि पाच वर्षांत नऊ संधी. याला कमीपणा मानू नका. सोळा वर्षांच्या मुलाने गणितात तीनदा नापास होऊन घरी बसावं यापेक्षा हे शंभरपटीने बरं.

स्वमग्न मुलांची तपासणी वेगळ्या, भारतीय मोजपट्टीवर होते. अनोळखी खोलीत अर्ध्या तासात मूल नेमकं काय करेल याचा भरवसा नसतो. कधी ते अगदी शांत बसतं. घरातले, वर्गातले, गर्दीतले छोटे व्हिडिओ मोबाइलवर ठेवा आणि डॉक्टरांना दाखवू का असं विचारा.

कोणाकडेच नसणारा कागद

तो म्हणजे शाळेचा निरीक्षण अहवाल. मागितला की बहुतेक शाळा बोनाफाईडच्या कागदावर एक ओळ देतात: ‘सदर विद्यार्थी अभ्यासात मागे असून वर्तणूक समाधानकारक आहे.’ या ओळीवरून तपासणाऱ्याला काहीही कळत नाही. मूल शाळा बुडवतं म्हणून मागे आहे, ऐकू कमी येतं म्हणून, माध्यम बदललं म्हणून, की अक्षर आणि उच्चार जुळत नाहीत म्हणून, हे वर्गशिक्षकांशिवाय कोण सांगणार?

शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, एक पान लिहा. तोंडी विचारलं तर उत्तर येतं का आणि तेच लिहायला सांगितलं तर काय होतं. फळ्यावरचं उतरवताना ओळी गळतात का. जोडाक्षरं, वेलांट्या, काने सातत्याने कुठे चुकतात. पाढे म्हणता येतात पण हातच्याची वजाबाकी येत नाही, असं काही आहे का. उजळणी घेऊन फरक पडला का. ‘आळशी’, ‘लक्ष देत नाही’ हे शब्द टाळा, कारण त्यांनी मुलाची अडचण झाकली जाते. पानावर जावक क्रमांक, तारीख, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का असू द्या. जावक क्रमांक नसलेलं पत्र परत आलेलं मी पाहिलंय, मजकूर उत्तम असूनही.

पालकांनी जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत. सुंदर अक्षरात पुन्हा उतरवलेली वही नको, घाईत लिहिलेली, लाल शेऱ्यांनी भरलेली हवी. प्रत्येक इयत्तेच्या एक-दोन वह्या, तपासलेले पेपर आणि प्रगतिपुस्तकं एका फाइलला लावा. घरी तोच धडा दहा-दहा वेळा लिहायला लावणं थांबवा. त्याने अक्षमता जात नाही, मूल वहीला घाबरायला लागतं. धडा तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या.

डोळ्यांची आणि कानांची तपासणीही आधीच करून अहवाल सोबत ठेवा. तो नसला की पहिली फेरी त्यातच जाते. आणि चाचणी मुलाच्या शिकण्याच्या माध्यमातून व्हावी, हे स्पष्ट सांगा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन वाचन तपासलं तर त्यातून काय निघणार?

ऑनलाइन अर्ज

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) यांचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन कार्ड संकेतस्थळावर करायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा एवढंच लागतं. अडतं ते नावात. आधारवर आडनाव शेवटी, शाळेच्या जनरल रजिस्टरला आधी, आणि वडिलांच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ जोडलेलं. नववी संपण्याआधी सगळीकडे नाव आणि जन्मतारीख एकच करून घ्या. मोबाइल नंबर स्वतःचा द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. निरोप त्याच नंबरवर येतात. फॉर्म भरल्याची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, त्यानंतर रुग्णालयात जावंच लागतं. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र असेल तर तेही आता ऑनलाइन करून घ्या.

शाळेचा प्रस्ताव आणि चुकीची वाचलेली मुदत

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सवलत मिळाली असं नाही. मुख्याध्यापकांनी विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवायचा आणि मंडळाचं मंजुरीपत्र यायचं. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख हीच सवलतीच्या प्रस्तावाचीही मुदत, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं समजू नका. दोन्ही तारखा शाळेकडून वेगवेगळ्या विचारा. प्रस्ताव कधी गेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला, ते लिहून घ्या आणि पोचेची झेरॉक्स मागा. ‘पाठवलंय’ या शब्दावर थांबू नका.

विषय बदलायचा असेल तर त्याचा निर्णय नववीलाच व्हायला हवा, नाहीतर मूल वर्षभर एक विषय शिकतं आणि फॉर्मवर दुसरा येतो. सातवीच्या पातळीचं गणित घेताना पुढचा विचार मुलासमोर करा: गणित लागणाऱ्या शाखांची दारं त्याने बंद होतात. काही मुलांना केवळ जादा वेळ आणि गणकयंत्र पुरतं. शेजारच्या मुलीने घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, असं करू नका.

लेखनिक

लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, म्हणजे दहावीसाठी नववीतला किंवा त्याखालचा. शोधायचा कोणी? कागदावर मदत शाळेची, प्रत्यक्षात वणवण पालकांची. नववीतल्या मुलाचे आईवडील ऐन वेळी कचरतात, त्यालाही स्वतःचा अभ्यास असतो. म्हणून सहामाहीनंतर लगेच विचारा, दोघांना विचारून ठेवा, त्यांच्या शाळेचं पत्र आणि पालकांची संमती हाताशी ठेवा.

सांगून लिहून घेणं हे शिकावं लागतं. पेनाशी दहा वर्षं झगडलेल्या मुलाला अचानक ‘बोल, मी लिहितो’ म्हटलं तर ते गप्प होतं. शाळेच्या सहामाहीला आणि सराव परीक्षेला त्याच लेखनिकाबरोबर बसवा. जादा वेळेचंही तसंच. चार तास बसायची सवय नसेल तर शेवटचा तास मूल बाकावर डोकं टेकून काढतं. मध्ये पाणी प्यायला, पाय मोकळे करायला परवानगी मिळेल का, हे केंद्रसंचालकांना आधी भेटून विचारा आणि मंजुरीपत्राची प्रत त्यांच्याकडे द्या. पहिल्या पेपरच्या सकाळी पर्यवेक्षकाला हे सगळं समजावत बसायची वेळ मुलावर येऊ देऊ नका.

नकार आला तर

कारण लेखी मागा. ‘पात्र नाही’ हे कारण नव्हे. कोणती चाचणी, काय निष्कर्ष, हे मिळायला हवं. कागद अपुरा म्हणून परत आला असेल तर तो जोडून पुन्हा द्या. तपासणीच्या निष्कर्षाबद्दलच तक्रार असेल तर कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. प्रमाणपत्र असूनही शाळा प्रस्ताव पाठवत नसेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना पाठवा. तक्रारीत मुलाचं वय, इयत्ता, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि परीक्षेची तारीख पहिल्याच परिच्छेदात लिहा, म्हणजे घाई किती आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.