मांसाच्या गाईंमधला मिल्क फिव्हर: थोडी पार्श्वभूमी

मिल्क फिव्हर म्हणजे गाय व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून होणारा आजार. त्याच्या इतिहासात गंमत अशी की उपाय आधी सापडला आणि कारण नंतर, तेही पंचवीसेक वर्षांनी. एकोणिसाव्या शतकात युरोपात जास्त दूध देणाऱ्या गाई तयार व्हायला लागल्या तसा हा आजार वाढला, गाय व्यायली की एक-दोन दिवसात खाली बसायची, कान थंडगार, मान कुशीकडे वळवलेली, आणि निम्म्याहून जास्त गाई सरळ मरायच्या. 1897 मध्ये डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट नावाच्या व्हेटने, म्हणजे गुरांच्या डॉक्टरने, ठरवलं की कासेत विष तयार होतंय, म्हणून त्याने सडातून पोटॅशियम आयोडाइडचं पाणी आत सोडलं. गाई उठायला लागल्या! मग 1901 च्या सुमारास अँडरसन नावाच्या दुसऱ्या डॅनिश व्हेटने दाखवलं की औषध वगैरे काही नको, नुसती हवा भरली तरी चालतं. पुढे कित्येक शेतकऱ्यांनी सायकलचा पंप घेऊन कास फुगवली, सड फितीने बांधले, आणि मरतुक एकदम खाली आली.

विषाची थिअरी साफ चूक होती हो, पण कास फुगली की आतल्या दाबाने दूध बनणं थांबतं आणि रक्तातलं कॅल्शियम चिकात जायचं थांबतं, हा खरा खेळ. हे स्कॉटलंडच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी 1925 मध्ये मांडलं, आणि 1930 च्या दशकात कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली आली, आपल्याकडे जर्सी-एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईंना डॉक्टर शिरेतून लावतात तीच.

या सगळ्यात मांसासाठी पाळलेल्या गाई, अँगस, हियरफर्ड वगैरे जातींच्या, मागेच राहिल्या, कारण त्यांना दूध कमी, वासरू थोडं थोडं पितं, त्यामुळे आजारही कमीच. पण चार-पाच वेतं झालेल्या, बऱ्यापैकी दूध असलेल्या गाईला होतो, आणि ती माळावर एकटी पडलेली असते, दिसेपर्यंत उशीर. शिवाय कुरणात मॅग्नेशियम कमी पडूनही गाई पडतात, दोन्ही एकत्र असलं तर नुसत्या कॅल्शियमने काम होत नाही. नॉर्वेवाल्यांनी 1960-70 च्या दशकात व्यायच्या आधी आम्लधर्मी खाद्य द्यायचं काढलं, म्हणजे गाईचं शरीर हाडांतलं कॅल्शियम सहज सोडतं, आयडिया भारी, पण ते गव्हाणीत मोजून खाणाऱ्या गाईला जमतं. कुरणात पोटॅशियमवालं, म्हणजे नेमका उलटा परिणाम करणारं, हिरवं गवत चरत हिंडणाऱ्या कळपाला कोण मोजून घालणार, तिथे अजूनही मुख्य भरवसा बाटलीवरच, आणि तीही सावकाश द्यायची, घाईने सोडली तर हृदयच बंद पडतं.