नवप्रवर्तनाचे सातत्य

एखादी उद्योगसंस्था एक नवे उत्पादन किंवा पद्धत आणून थांबत नाही, वर्षानुवर्षे नवे काही देत राहते. या गुणाला नवप्रवर्तनाचे सातत्य म्हणतात. तो दुर्मीळ आहे. पॉल जेरोस्की व सहकाऱ्यांनी ब्रिटिश कंपन्यांवर १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे सातत्य राखणाऱ्या कंपन्या मोजक्याच निघाल्या.

कारणांची चर्चा जुनी आहे. अर्थतज्ज्ञ एडिथ पेनरोझ यांनी १९५९ मध्ये मांडले, की रोजच्या कामातून संस्थेत माहीतगार माणसे आणि साधने शिल्लक पडतात व तीच नव्या कामाला वाट काढून देतात. कोहेन आणि लेव्हिन्थाल यांनी १९९० मध्ये ग्रहणक्षमतेची कल्पना दिली: बाहेरचे ज्ञान ओळखायला आणि पचवायला संस्थेत थोडेफार ज्ञान आधीच असावे लागते. नवा शोध आणि चालू धंदा एकाच तिजोरीवर हक्क सांगतात, हा पेच जेम्स मार्च यांनी १९९१ मध्ये नेमका दाखवला. चालू धंदा आजच पैसे देतो, म्हणून बहुतेक संस्था त्याच्याच मागे लागतात.

खान्देशात हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. जैन इरिगेशन कंपनीचे संस्थापक, वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये जळगावात रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली, मग शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी घेतल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा एक आजारी कारखाना विकत घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन हे प्रथिने पचवणारे विकर (एन्झाइम) काढायला सुरुवात केली. हा चीक मिळवायचा तर झाडावरच्या हिरव्या पपईला सकाळी उभ्या बारीक चिरा पाडतात, ओघळणारे पांढरे थेंब गोळा करतात आणि माल खराब होण्याआधी सुकवतात. म्हणजे कारखान्याची गुणवत्ता शेतातच ठरते. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाण्याची ही सवय मला या साऱ्या वाटचालीचे मूळ वाटते.

१९८० मध्ये पीव्हीसी पाइप आले, त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन आले. यावल-रावेर पट्ट्यात विहिरी खोल जात होत्या आणि केळीला तर पाणी भरपूर लागते; गरज समोरच उभी होती. पण नुसती नळी विकून भागत नाही. खारे पाणी असले की ड्रिपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, तोंडाशी पांढरी खपली धरते, एका झाडाला पाणी मिळते आणि शेजारचे कोरडे राहते. मग फिल्टर, आम्लप्रक्रिया, नळीतूनच विद्राव्य खत देणे, हे सारे ओघाने येते. पाणी मोजून मिळू लागल्यावर ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरने वाढवलेल्या) केळीरोपांची बाग परवडू लागली. कंदाच्या बागेत घड मागेपुढे निसवतात, रोपांच्या बागेत कापणी बरीचशी एकदम येते. पुढे कांदा निर्जलीकरण आणि फळप्रक्रियाही आली. प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीचा प्रश्न जन्माला घातला.

हा धागा तुटला तेव्हा फटकाही बसला. १९९० च्या दशकात वित्त, माहिती तंत्रज्ञान अशा दूरच्या क्षेत्रांतला विस्तार अंगलट आला. २०१९ नंतर कर्जाचा ताण वाढला आणि २०२३ मध्ये जैन इरिगेशनचा परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला. नवे घडवण्याची ताकद आणि ताळेबंदाची ताकद वेगवेगळ्या असतात. या विषयाच्या चर्चेत दुसरी बाजू फार वेळा सुटते.

अमळनेरची गोष्ट निराळी. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन केलेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सने (आजची विप्रो) इथे वनस्पती तूप बनवले, आणि तेलाच्या उपउत्पादनातून ‘७८७’ हा कपड्यांचा साबण. पेनरोझ यांचा मुद्दा याहून सोपा करून सांगता येणार नाही. १९६६ मध्ये एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजी यांनी सूत्रे घेतली. आयबीएमने १९७७-७८ मध्ये भारतातला कारभार गुंडाळला, ती पोकळी हेरून कंपनी संगणकाकडे वळली. तुपासाबणाचा संगणकाशी संबंध नव्हता. इथे ज्ञान बाहेरून, नव्या अभियंत्यांना घेऊन आणावे लागले. तोवर घर चालवले ते जुन्या धंद्याने, आणि तो बंद केला नाही, हे महत्त्वाचे. विप्रोचे मुख्यालय आज बेंगळुरूला आहे. अमळनेरातल्या अनेक घरांत मात्र आजोबांनी घेतलेले शेअर नातवंडांच्या नावावर आले आहेत.