काकु
काकु : शब्द तेच ठेवून स्वर, जोर, गती वा विराम यांतील फरकाने अर्थ पालटणारा उच्चारधर्म. ‘तूच करणार हे’ या वाक्यात ठाम स्वर लावला तर भरवसा, ‘च’वर हेल काढला तर टोमणा. अमरकोशात शोक, भीती इत्यादींमुळे होणारा ध्वनीचा विकार, असा अर्थ आहे. व्युत्पत्ती अनिश्चित. काव्यमीमांसक अभिनवगुप्त (सु. १०००) ‘कक्’ (लौल्य) हा धातू सुचवतो : असा शब्द स्वतःच्या अर्थावर न थांबता आणखी कशाची तरी हाव धरतो. ‘कु’ म्हणजे ‘ईषत्’ (थोडे), यावरून हृद्गताची अल्पशी भूमी, हा पर्यायही त्याचाच. साकांक्ष (अर्थ अपुरा ठेवणारी) व निराकांक्ष (अर्थ पुरा करणारी) या काकुभेदांशी पहिली व्युत्पत्ती अधिक जुळते.

हे भेद नाट्यशास्त्रातले (सु. इ. स. पू. २०० ते इ. स. २००). तेथे उर, कंठ, शिर ही स्थाने आणि उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित हे पाठ्यालंकार (संवाद म्हणण्याच्या रीती) येतात. कलह, शौर्य, दर्प यांसाठी शिरस्थानातील दीप्त (अतिशय चढा स्वर). चिंता, दैन्य यांसाठी छातीतील मंद्र (खालचा स्वर). आधुनिक प्रयोगांचा कल उलट दिसतो : १९७९ च्या एका अमेरिकन अभ्यासात स्वर कृत्रिमरीत्या चढवलेले बोलणे कमी विश्वसनीय व कमी ठाम वाटले. मात्र २०२० च्या अभ्यासात वक्ता पटवू लागला की आवाज मोठा करतो व त्यात चढउतार आणतो, त्यामुळे तो आत्मविश्वासू भासतो, असे आढळले. दीप्तात उंचीबरोबर हा जोरही अभिप्रेत असावा; तसे मानल्यास विरोध बराच ओसरतो.

काकु अलंकार आहे का, हा जुना वाद. काव्यशास्त्रकार रुद्रट (नववे शतक) काकुवक्रोक्ती (काकूने अर्थ वळवणारी उक्ती) शब्दालंकारांत धरतो. राजशेखर (सु. ९००) विचारतो, काकु हा अभिप्राययुक्त पाठधर्म (म्हणण्याचा गुण), तो अलंकार कसा होईल? हा आक्षेप सबळ आहे, कारण लिखित पानावर काकु उरतच नाही. वाचकाला ती प्रसंगावरून लावून घ्यावी लागते. मम्मटाने (अकरावे शतक) वक्रोक्ती राखली, शिवाय काक्वाक्षिप्त (काकूने सुचवलेला अर्थ) हा गुणीभूतव्यंग्याचा, म्हणजे सूचित अर्थ गौण असलेल्या काव्याचा, प्रकार मानला. उदाहरण वेणीसंहार नाटकातील भीमाचे : युधिष्ठिर तहाला तयार झाल्यावर तो म्हणतो, ‘शंभर कौरवांना रणात रगडणार नाही’. वाक्य नकाराचे, स्वर प्रतिज्ञेचा.

संगीतात देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेव (तेरावे शतक) स्वर, राग, अन्यराग (दुसऱ्या रागाची छटा), देश, क्षेत्र व यंत्र (वाद्य) अशा सहा काकु सांगतो. क्षेत्र म्हणजे देह. एकच राग दोन गळ्यांतून वेगळा ऐकू येतो, ती क्षेत्रकाकु.