राखेचं सिमेंट पहिल्या तीन दिवसांत काय करतं?

थंडी पडली की नाशिक भागातून आमच्या प्रयोगशाळेत एकच तक्रार येऊ लागते: “पीपीसी वापरलं, स्लॅब धरतच नाही. सिमेंट बोगस आहे का?” पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, आणि बहुतेक वेळा ते चांगलंच असतं. घाई मात्र चुकीच्या वेळी झालेली असते. आपण घर बांधत असाल किंवा कंत्राट घेत असाल, तर सेंट्रिंग खोलण्याआधी हे दोन मिनिटं वाचा.

सिमेंटचा मूळ घटक क्लिंकर. चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की तो तयार होतो. भट्टीतल्या इंधनाचा धूर तर असतोच, पण चुनखडी भाजताना तिच्यातूनच त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून क्लिंकर कमी वापरायचा आणि त्याच्या जागी दुसरं काही घालायचं, हा सरळ उपाय. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश असते, म्हणजे एकलहरे किंवा चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतून निघणारी राख. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्यातली धातुमळी (स्लॅग) दळून घालतात. आता एलसी३ हे नवं सिमेंटही आलं आहे: साधारण निम्मा क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के कच्ची चुनखडी आणि थोडा जिप्सम. त्यासाठी आयएस १८१८९ हे भारतीय मानक २०२३ मध्ये निघालं.

पाणी घातल्यावर सिमेंट क्षणभर तापतं आणि मग दोन-तीन तास शांत बसतं. माल वाहून न्यायचा, ओतायचा, थापी मारायची, ते याच वेळात. नंतर क्लिंकर जोरात पाणी धरू लागतो, कणांभोवती चिकट जेल वाढतं, उष्णता चढते आणि साधारण ८ ते १२ तासांनी शिखर गाठते. राखेचे गोल कण या काळात स्वतः जवळजवळ काहीच करत नाहीत. त्यांच्या अंगावर जेलला बसायला जागा मिळते, त्यामुळे क्लिंकर थोडा हुरूपाने कामाला लागतो, इतकंच. पण क्लिंकरच कमी, त्यामुळे एकूण उष्णता कमी आणि सुरुवातीची ताकदही कमी. राख चुन्याशी खरी जुळते ती पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांत. म्हणूनच मानकात ३ दिवसांना ५३ ग्रेड ओपीसीकडून (राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटकडून) २७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद मागतात आणि पीपीसीकडून १६.

एलसी३चं वागणं वेगळं. भाजलेली माती राखेपेक्षा बरीच लवकर कामाला लागते, त्यामुळे सात दिवसांपर्यंत हे सिमेंट ओपीसीच्या जवळ पोहोचतं. मात्र जिप्समचं प्रमाण जरा चुकलं की मुख्य शिखरानंतर येणारं उष्णतेचं दुसरं शिखर वेळेआधी येतं आणि ताकद मागे पडते. शिवाय माती अॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) शोषून घेते, त्यामुळे प्लास्टिसायझरचा, म्हणजे मिश्रण पातळ करणाऱ्या रसायनाचा, जुना डोस तसाच चालेल असं धरून चालू नका.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही उष्णता मोजतो. काही ग्रॅम सिमेंट पाण्यात कालवून छोट्या बाटलीत भरतो. ती बाटली कॅलरीमीटरमध्ये ठरलेल्या तापमानावर तीन दिवस बसते आणि दर ग्रॅममागे किती मिलिवॉट उष्णता निघते याची रेघ पडद्यावर उमटत राहते. मिश्रण कधी जागं झालं, किती जोर धरला, अॅडमिक्श्चरने किती अडवलं, हे त्या एका रेघेत वाचता येतं. २८ दिवस ठोकळे फुटायची वाट पाहण्यापेक्षा ही खबर कितीतरी आधी हातात पडते.

मागच्या डिसेंबरात निफाडकडच्या एका ग्राहकाने संध्याकाळी स्लॅब ओतला. सकाळी मिस्त्रीने खिळा ओढला तर चांगली चर पडली. त्याच गोणीतलं सिमेंट आम्ही दोन तापमानांवर लावलं. २७ अंशांना रेघ अगदी नेहमीसारखी चढली. १२ अंशांना तीच चढण कितीतरी तास उशिरा आली, पण आली. दहा अंशांनी तापमान उतरलं की हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. त्या ग्राहकाने टेकू हलवले नाहीत, गोणपाट ओलं ठेवलं आणि स्लॅब वाचला.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात, आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढायला सांगितलं आहे, पण ते ओपीसीसाठी आणि १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या हवेसाठी. पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट असेल तर मुदत वाढवा. पाणी किमान १० दिवस मारा, जमलं तर १४. राखेला पुढे लागणारं पाणी उडून गेलं तर तिची ताकद कायमची हुकते. लवकर धरावं म्हणून दोन गोण्या जास्त टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खर्च वाढतो, भेगा वाढतात आणि थंडी तशीच राहते. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर काँक्रीट करा, म्हणजे मिश्रणाला पहिलं ऊन मिळेल.

नमुना आणताना न फोडलेल्या गोणीतलं दोन किलो सिमेंट हवाबंद पिशवीत घ्या आणि गोणीवर छापलेला आठवडा व वर्ष लिहून आणा. साइटवरचंच पाणी एका बाटलीत आणा. अॅडमिक्श्चर वापरत असाल तर तेही आणा, आणि एका गोणीमागे मिस्त्री खरोखर किती झाकणं ओततो, ते त्यालाच विचारून सांगा.