टिपूच्या बाणांमागचं लोखंड

कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात नगर नावाचं गाव आहे. तिथल्या एका कोरड्या विहिरीतल्या मातीला बंदुकीच्या दारूचा वास येतो, म्हणून पुरातत्त्व खात्याने ती खणली. 2018 साली तिच्यातून हजाराहून जास्त गंजलेल्या लोखंडी नळ्या निघाल्या. हे टिपू सुलतानच्या काळातले अग्निबाण.

बाण काही म्हैसूरने शोधून काढले नाहीत. ते मराठ्यांच्या फौजेतही होते. हैदर अली आणि टिपूने साधलं ते नळीत. युरोपात तेव्हा रॉकेटची नळी पुठ्ठ्याची असे, म्हैसूरची मात्र ठोकून वळवलेल्या मऊ लोखंडाची.

एवढ्याने काय बिघडतं? बरंच. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणाला जळायला बाहेरची हवा लागत नाही, ऑक्सिजन सोऱ्यातूनच मिळतो. शिवाय दाब जितका जास्त, तितकं ते झपाट्याने जळतं. पुठ्ठ्याची नळी असा वाढता दाब सोसत नाही, फाटते. लोखंडी नळी तो पेलते. म्हणून तिच्यात दारू घट्ट ठासता येते. गरम वायू मागच्या अरुंद तोंडातून जोरात बाहेर पडतो आणि नळी तेवढ्याच जोराने पुढे ढकलली जाते. असा बाण दोन किलोमीटरच्या आसपास जाई.

नळीला बांबूची लांब काठी बांधलेली असे. आपल्या दिवाळीच्या रॉकेटला असते तशीच, आणि त्याच कामासाठी: हवेचा रेटा शेपटाकडे पडावा आणि तोंड सरळ राहावं. तरी नेम बेताचाच. वारा आला की बाण भरकटे. म्हणून एकेक न सोडता ते झुंडीने सोडत. घोडदळ बिथरवायला आणि दारूगोळ्याच्या गाड्या पेटवायला तेवढं पुरे. 10 सप्टेंबर 1780 रोजी कांचीपुरमजवळच्या पोल्लिलूरला ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल बेलीच्या गाड्या उडाल्या आणि त्याची तुकडी संपली. त्याचं सगळं श्रेय बाणांना देण्याची पद्धत आहे, पण हैदरच्या तोफाही तिथे धडधडत होत्या हे विसरू नये.

5 एप्रिल 1799 च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईत आर्थर वेलस्लीच्या तुकडीवर बंदुका आणि बाण बरसले. पुढे नेपोलियनला हरवणारा हाच तो वेलस्ली, त्या रात्री त्याला माघार घ्यावी लागली. बाणांनी तट मात्र राखला जात नाही. इंग्रजी तोफांनी श्रीरंगपट्टणच्या किल्ल्याच्या भिंतीला खिंडार पाडलं. त्याआधी, 2 मे रोजी, एक गोळा किल्ल्यातल्या बाणांच्याच कोठारावर पडून मोठा स्फोट झाला होता. 4 मे रोजी टिपू लढताना पडला.

हाती लागलेले बाण इंग्रजांनी मायदेशी नेले. विल्यम कॉन्ग्रीव्हने त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन लंडनजवळच्या वुलिचच्या शस्त्रागारात लोखंडी नळीची रॉकेट बनवली. 1807 साली कोपनहेगन जाळण्यात त्यांचाही हात होता, 1814 साली त्यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या किल्ल्यावर मारा केला. काठीचं लोढणं कॉन्ग्रीव्हच्याही गळ्यात राहिलं. आधी ती नळीच्या बाजूला होती, नंतर त्याने ती मधोमध आणली. ती सुटली 1844 मध्ये, विल्यम हेलने बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर रॉकेटलाच स्वतःभोवती फिरवून स्थिर केलं तेव्हा.