नागिणीचा विषाणू आणि पहिले ७२ तास

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या, की अंगावर काही उठलं तर पहिला संशय फवारणीच्या औषधावर जातो. पण फोड शरीराच्या एकाच बाजूला, पाठीकडून पोटाकडे पट्ट्यासारखे आले असतील आणि त्याआधी दोन-तीन दिवस तिथे आग होत असेल, तर बहुधा ती नागीण असते. ती होते कांजिण्यांच्याच विषाणूमुळे, आणि तो हर्पीस कुळातला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो कण्यालगतच्या चेतापेशींत वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा स्वतःच्या डीएनएच्या प्रती काढू लागतो.

हे काम पेशीच्या केंद्रकात चालतं. विषाणूचा डीएनए सुमारे १,२५,००० अक्षरजोड्यांचा; अक्षरं म्हणजे डीएनए ज्यांनी बनतो ती रासायनिक एककं. एक प्रथिन त्यातल्या ठरलेल्या आरंभस्थानी बसतं. तीन प्रथिनांचा गट पीळ उलगडतो आणि सुरुवातीला लागणारे आरएनएचे छोटे तुकडे तयार करतो. सुटलेला धागा पुन्हा जुळू नये म्हणून पाचवं त्याला धरून ठेवतं. सहावं, म्हणजे पॉलिमरेज, नवी अक्षरं जोडतं आणि सातवं त्याला धाग्यावरून सुटू देत नाही. ही सातही प्रथिनं विषाणूची स्वतःची. प्रती एकमेकींना जोडलेल्याच निघतात. कवचात भरताना ती लांबलचक माळ मापाने कापली जाते.

खरी मेख अक्षरांच्या पुरवठ्यात आहे. चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे तिच्यात डीएनएचा कच्चा माल तुटपुंजा असतो. म्हणून विषाणू स्वतःचं थायमिडिन कायनेज हे विकर बनवून घेतो. ते थायमिडिनला, म्हणजे ‘टी’ अक्षराच्या कच्च्या मालाला, फॉस्फेट लावतं, आणि तसंच नागिणीवरच्या असायक्लोव्हिर या औषधालाही लावतं! पुढचे दोन फॉस्फेट आपल्याच पेशीची विकरं लावतात. मग ते औषध डीएनएतल्या ‘जी’ अक्षरासारखं भासतं आणि पॉलिमरेज ते धाग्यात जोडून टाकतं. पण पुढचं अक्षर ज्याला जोडायचं तो हायड्रॉक्सिल गट त्यात नसतो. धागा तिथेच खुंटतो. निरोगी पेशीत पहिला फॉस्फेट जवळजवळ लागतच नाही, म्हणून तिला फारशी इजा होत नाही. इतकं नेमकं औषध विषाणूंविरुद्ध क्वचितच सापडतं.

मात्र ते फक्त चालू असलेली नक्कल थांबवतं. तयार झालेले विषाणू ते मारत नाही, दुखावलेली नस सांधत नाही. म्हणूनच पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू व्हावं लागतं. प्रौढांसाठी नेहमीचा डोस ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. आतड्यातून ते कमी शोषलं जातं आणि रक्तातलं प्रमाण साधारण तीन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेऊन भागत नाही. पाणी भरपूर प्यावं, नाहीतर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर डोस कमी करतात.

गेरूचा लेप केंद्रकापर्यंत पोहोचत नाही, आणि त्यात दोन-तीन दिवस हातचे जातात. ‘नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस दगावतो’ ही भीतीही निराधार. विषाणू सहसा एकाच बाजूच्या एका नसेतून त्वचेपर्यंत येतो, म्हणून पट्टा मध्यरेषेशी थांबतो. भीती बाळगायचीच तर कपाळावरच्या किंवा नाकाच्या शेंड्यावरच्या फोडांची बाळगा. तिथली नस डोळ्यालाही जाते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.