एक गिटार, दोन डबे

वरातीत बेंजोची गाडी निघाली की तिच्यावर भोंगे दोन असायचे. एकाचं तोंड नवरदेवाच्या घोड्याकडं, दुसऱ्याचं मागं नाचणाऱ्या पोरांकडं. मध्ये जनरेटर, आणि त्याच्या धुरात बसून वाजवणारा माणूस. धुळे-जळगावकडं वाढलेल्या आमच्या पिढीनं विजेवर वाजणारी तार पहिल्यांदा ऐकली ती गिटारची नव्हे, या बेंजोची. वाद्य मूळचं जपानचं. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा लावून ‘ताइशोगोतो’ तयार केलं. आपल्याकडं त्याचा बुलबुलतरंग झाला, त्याला तारेची थरथर विजेत बदलणारा पिकअप बसला आणि बेंजो या नावानं तो लग्नात शिरला. गल्ली अरुंद असली की पुढच्या भोंग्याचा आवाज भिंतींवर आपटून मागं यायचा, मागचा थेट कानात शिरायचा, आणि तोच सूर जरा जाड, पसरट लागायचा. चौक आला की पुन्हा बारीक.

आता आमच्याकडं एखादा पोरगा एका गिटारच्या दोन वायरी काढून दोन अ‍ॅम्प्लिफायरना लावतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “एकज गिटार शे, मंग दोन डबा कसाले?” बहुतेक जण सांगतात, आवाज वाढवायला. वाजवणारेही हेच सांगतात. हे उत्तर सुरुवातीच्या काळापुरतं खरं होतं.

इलेक्ट्रिक गिटार जन्मलीच मुळी आवाज पुरत नाही म्हणून. ब्रास आणि ड्रम्सच्या गर्दीत लाकडी गिटार ऐकूच जात नव्हती. १९३२ मध्ये रिकनबॅकर कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची, तव्यासारखी दिसणारी गिटार बाजारात आली. तिचा पिकअप जॉर्ज बोशाँ यांचा, पेटंट मिळालं १९३७ ला. त्या वेळचे अ‍ॅम्प्लिफायर अगदी किरकोळ ताकदीचे. पुढं एल्विस प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूर याला किंचाळणाऱ्या गर्दीपुढं एक डबा पुरेना, तेव्हा त्यानं रे बट्स या कारागिराकडून जोडीचे वेगळे डबे करून घेतले. म्हणजे दोन डबे होते, पण ते निव्वळ ओरडण्यासाठी.

त्यातही हिशेब तोट्याचा. वॅट दुप्पट केले की वाढतात ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला लागतात साधारण १० डेसिबल. दुसरा डबा उचलून जिन्यावरून चढवलेल्या माणसाला हा आकडा सांगू नये.

खरं बीज होतं त्याच बट्सच्या दुसऱ्या कामात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच टेपचा फिरता पट्टा बसवला. वाजवलेला सूर टेपवर चढायचा आणि क्षणभरानं परत यायचा. गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सनं तो डबा घेतला, स्कॉटी मूरनंही. आपल्याला हा चमत्कार वेगळ्या वाटेनं माहीत आहे. लग्नाच्या मांडवात “वऱ्हाडी मंडळींना विनंती... नंती... नंती” करणारा निवेदक आणि ऑर्केस्ट्रावाल्याचं ते ‘इको’चं बटण. तत्त्व एकच: आवाज थोडा उशिरा पुन्हा देणे.

१९५० च्या दशकाच्या शेवटी स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि गिटार बनवणाऱ्यांनाही स्टिरिओचं वारं लागलं. १९५८ मध्ये ग्रेच कंपनीनं जाड तीन तारा एका अ‍ॅम्प्लिफायरला आणि बारीक तीन तारा दुसऱ्याला, अशी विभागणी केली. १९५९ ला गिब्सनची ईएस-३४५ आली. तिच्यात मानेजवळचा पिकअप एका डब्याला, ब्रिजजवळचा, म्हणजे तारा खाली टेकतात तिथला, दुसऱ्याला. कागदावर छान. पण घ्यायला दोन अ‍ॅम्प्लिफायर, वर खास वायर, आणि ऐकणाऱ्याला मिळायचं काय, तर डावीकडं घुमारा आणि उजवीकडं टणत्कार. पुष्कळांनी त्या गिटार साध्या वायरीनं एकाच डब्यावर वाजवल्या. मला यात नवल वाटत नाही. एकाच क्षणी वाजलेला सूर नुसता दोन जागी वाटून टाकला तर कान त्याला मोठं मानत नाही. कानाला फरक लागतो तो वेळेचा.

पेडलची कथा वेगळ्या दारातून येते. १९६१ मध्ये गाजलेल्या गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात, मिक्सरचा एक चॅनल बिघडल्यामुळं बेस गिटारचा आवाज फाटला. काढून टाकायच्या ऐवजी तो तसाच ठेवला गेला. रेकॉर्डिंग करणारे ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड ट्रान्झिस्टरवर मुद्दाम करून दाखवणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ ला ‘माइस्ट्रो फझ-टोन’ नावाची, पायानं दाबायची डबी निघाली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ती वापरली तेव्हा कुठं तिला उठाव आला. १९६६-६७ मध्ये सुराला ‘वाऽऽ’ म्हणायला लावणारं वाह पेडल. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधल्या वायरीत माणसं आता दुकान थाटू लागली होती.

तरीही हे सगळे एका डब्याचे खेळ. दोन डब्यांना अर्थ आला तो उशीर लहान झाल्यावर. १९६९ मध्ये फिलिप्सच्या सँगस्टर आणि टीअर यांनी ‘बकेट ब्रिगेड’ सर्किट मांडलं. स्लॅब टाकायच्या दिवशी घमेली हातोहात वर जातात ना, तसंच. आवाजाचा एक तुकडा विजेच्या चिमूटभर साठ्याच्या रूपात एका टप्प्यावरून पुढच्याकडं सरकतो, टाळीच्या ठेक्यावर. टाळी जलद असली तर घमेलं लवकर पोचतं, संथ असली तर उशिरा. टेप नको, मोटर नको.

रोलंडनं १९७५ मध्ये जेसी-१२० हा अ‍ॅम्प्लिफायर काढला. बाहेरून एक डबा, आत ६० वॅटचे दोन वेगळे अ‍ॅम्प्लिफायर आणि १२ इंची दोन स्पीकर. एका स्पीकरला सूर जसाच्या तसा. दुसऱ्याला बकेट ब्रिगेडमधून काही हजारांश सेकंद उशिरा आलेला, आणि तो उशीरही सतत कमी-जास्त होणारा. उशीर बदलत राहिला की सूरही वर-खाली हलतो. म्हसावदसारख्या लहान स्टेशनातून सुसाट गेलेल्या एक्सप्रेसचा हॉर्न जाता जाता उतरतो, त्याच जातीची ही गोष्ट. खरी गंमत पुढं आहे. हा थरथरणारा सूर आणि सरळ सूर डब्यात मिसळतच नाहीत. ते मिसळतात खोलीतल्या हवेत, ऐकणाऱ्याच्या दोन कानांच्या मध्ये. एका गिटारच्या जागी दोन-तीन गिटार वाजल्यासारखं वाटतं. याचंच नाव कोरस. १९७६ मध्ये हेच सर्किट बॉसनं सीई-१ नावाच्या पेडलमध्ये घातलं, ५१२ टप्प्यांच्या चिपसह आणि बाहेर पडायला दोन वाटा ठेवून. साध्या दोन डब्यांच्या मालकालाही आता जेसीची चव घेता येऊ लागली.

वेळ किती, याचंही गणित होतं. ध्वनीचे अभ्यासक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की पहिल्यानंतर साधारण ३० हजारांश सेकंदांच्या आत आलेला तोच आवाज कान वेगळा धरत नाही. तो आवाजाला अंग देतो, दिशा मात्र पहिल्याचीच राहते. आमच्या मेमधल्या ४२ अंशांत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५७ मीटर पळतो. १० मीटरला २८ हजारांश सेकंद. म्हणजे अरुंद गल्लीत भिंतीवरून परतणारा बेंजो बरोबर या मापात बसत होता.

१९८३ ला बॉसचं डीडी-२ हे डिजिटल डिले, म्हणजे उशीर देणारं, पेडल आलं. त्याच्यातही सरळ सुराला वेगळी वाट होती. लॉस एंजलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉ यांनी मोठ्या वादकांसाठी कपाटाएवढ्या रॅक बांधल्या: मधला डबा कोरडा, म्हणजे सरळ सुराचा, बाजूचे दोन ओले, म्हणजे इफेक्ट घातलेल्या सुराचे. आज ते सगळं एका मल्टी-इफेक्ट पेडलमध्ये येतं, ते बाजूला ठेवू.

हा सगळा इतिहास माझ्या अंगावर एकदम आला तो शिरपूरकडच्या एका गावात, हळदीच्या रात्रीच्या कार्यक्रमात. मागून आणलेले दोन अ‍ॅम्प्लिफायर, दोन आउटपुटचं कोरस पेडल, जळगावच्या गोलाणी मार्केटातून घेतलेल्या वायरी. दुसरी पिन लावली आणि घूंऽऽ असं हमिंग सुरू झालं. एका डब्यावर शांत, दोन्ही लावले की घूं. कारण साधं आहे. प्रत्येक डब्याला त्याच्या प्लगमधून अर्थ, म्हणजे जमिनीशी जोडणी, मिळतोच, वर गिटारच्या वायरीचं आवरण दोघांना पुन्हा जोडतं. असं अर्थचं गोल कडं तयार झालं की त्यात ५० हर्ट्झची वीज फिरत बसते. मांडववाल्याचा माणूस पक्कड घेऊन आला, प्लगची वरची जाड पिन कापायला. मी ओरडलोच. गिटारच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अर्थ गेला आणि डब्यात बिघाड झाला की करंट थेट बोटांत. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. शेवटी दोन्ही प्लग एकाच बोर्डवर आणले आणि एका वायरीत सुपारीएवढ्या ट्रान्सफॉर्मरची डबी घातली. घूं गेलं.

मग जाडी तार छेडली तर आवाज पोकळ, पोटच नाही. दोन डबे उलट्या फेजचे, एकाचा पडदा पुढं येताना दुसऱ्याचा मागं. एकाच्या स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि पोट परत आलं. मी मधोमध उभा राहून ऐकलं. काय पसरलं होतं! खूश होऊन वाजवलं, दीड तास.

मांडवात आमच्याकडं बाया एका बाजूला बसतात, माणसं दुसऱ्या बाजूला. सरळ सुराचा डबा बायांकडं होता, थरथरणारा माणसांकडं. मधोमध मी एकटाच. जेवायला बसलो तेव्हा नवरीची मावशी भरीत वाढताना म्हणाली, गिटार फार गोड वाजली भाऊ. पलीकडच्या पंगतीत तिचे यजमान शेजाऱ्याला सांगत होते, पोरगा चांगला आहे, पण त्याचं वाद्य सुरात लावलेलं नव्हतं.